सात नंबरच्या पलंगावरचं आभाळ

त्या पाटीबद्दल मी आतापर्यंत तीन अर्ज दिले आहेत. तिन्हींवर पोचल्याचा शिक्का मिळाला, बाकी काही नाही. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, मणक्याच्या वॉर्डाच्या दाराशी ती पितळी पाटी लावलेली आहे. वर मोठ्या अक्षरांत 'आकाश-ध्यान', त्याखाली 'संकल्पना व प्रेरणा' असं लिहून एका गृहस्थांचं नाव सगळ्या पदव्यांसकट, आणि तळाला, वाकून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत, 'सहभाग : स्थानिक कलाकार'.

स्थानिक कलाकार म्हणजे माझी मावशी. आईची धाकटी बहीण, वय वर्षं बहात्तर, उजवा खांदा कामातून गेलेला, आणि त्या वॉर्डाचं अख्खं छत स्वतःच्या हातांनी रंगवलेलं. तिला नाव नाही असं नाही. पण पाटी करणाऱ्यांना ते विचारावंसं वाटलं नाही. मी हे तिला संतापून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "स्थानिक तर आहेच की मी." घरात मला ठिणगी म्हणतात ते काही उगाच नाही, पण असं कोणी म्हटल्यावर माणसाने भडकू नये तर काय करावं?

मावशीचा धंदा पडदे रंगवण्याचा. खिडकीचे नव्हेत. फोटो स्टुडिओत माणसाच्या पाठीमागे असतो तो पडदा. बाग, जिना, समुद्र, दोन खांब आणि मधे कमान. ती हे सगळं काढायची, पण तिची ख्याती आभाळाची. स्टुडिओवाले सांगायचे, दुसऱ्यांचं आभाळ पाठीमागे टांगलेलं दिसतं, हिचं आभाळ मागे लांबवर जातं. किती घरांच्या भिंतींवर, किती कपाटांत, कुणाच्या लग्नाच्या, कुणाच्या पहिल्या पगाराच्या फोटोत माझ्या मावशीचं आभाळ आहे याचा हिशेब नाही. एकाही आभाळाच्या कोपऱ्यात सही नाही. पडद्यावर सही केली तर ती गिऱ्हाइकाच्या कानाशी येते, म्हणायची.

मी शिवणकाम करते. पडद्याचं कापड एवढं रुंद कुठे मिळणार? दोन-तीन पन्हे जोडावे लागतात, आणि शिवण दिसली तर आभाळाला भेग पडते. ते जोडकाम पंचवीस वर्षं माझ्याकडे. म्हणून मी तिच्याकडे रोजची, आणि म्हणून हे सगळं सांगायचा मला अधिकार आहे. त्या गृहस्थांना नाही.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, छत उंच, एका भिंतीला पडदा ताणायची लाकडी चौकट. पावडर रंगांच्या बरण्या, सरस वितळवायची किटली, कुंचले पाण्याच्या नळावर उलटे टांगलेले. पूर्वेला एक खिडकी. आणि खिडकीखालच्या स्टुलावर एनॅमलची पांढरी ताटली, कडेला टवका उडालेली, आणि शेजारी झाकणाचा डबा.

सकाळी उठल्यावर तिचं पहिलं काम ठरलेलं. हात कोपरापर्यंत धुवायचे. खिडकी उघडायची. मग बोलायचं नाही, कोणी आलं तरी नाही, दारात आग लागली तरी बहुतेक नाही. बाहेर बघायचं. नुसतं बघायचं, बराच वेळ, आणि मग त्या ताटलीवर हाताच्या पंजाएवढं आभाळ काढायचं. त्या दिवसाचं, असेल तसं. निळं असेल तर निळं, मळकं असेल तर मळकं. सुंदर करायचं नाही हा नियम. काढून झालं की ताटली समोर धरून एकदा बघायची, आणि थोड्याशा पाण्यात धुऊन टाकायची. ते धुतलेलं पाणी डब्यात. मग तोंड उघडायचं आणि मला विचारायचं, "चहा घेतलास का?"

लहानपणी मला वाटायचं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. एकदा मी विचारलं, "मावशी, ही पूजा आहे का?"

"छे. पूजेत माणूस काहीतरी मागतं. मी हजेरी लावते."

"कुणाकडे?"

"ते मला कुठे माहीत आहे? हजेरी लावायला वर्गात मास्तर दिसायलाच पाहिजे असं थोडंच आहे."

बस. तिच्या अध्यात्माबद्दल ती आयुष्यात एवढंच बोलली. आणि त्या गृहस्थांनी त्यावर बावीस पानी पुस्तिका काढली!

डब्यातलं पाणी वाया जात नसे. नवीन पडदा घेतला की कोऱ्या कापडावर पहिला हात मारतात, त्याला अस्तर म्हणतात. बाकीचे पेंटर खडूच्या पांढऱ्या पाण्याचं अस्तर देतात. मावशी सरसात या डब्यातलं पाणी घालायची. करडं, ना निळं ना राखाडी, गढूळ पाणी. वास येऊ नये म्हणून त्यात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब. मला आपलं वाटायचं, काटकसर आहे. रंग महाग, पाण्यात उतरलेलाही सोडवत नाही बाईला. पंचवीस वर्षं शेजारी बसून मला एवढंच कळलं, हे आता लिहितानाही लाज वाटते.

मावशीला एकच हौस उरली होती. स्टुडिओ बंद पडत गेले, माणसं फोनवर फोटो काढायला लागली, पाठीमागचं आभाळ फोनच घालतो. पडद्याची कामं वर्षाला दोनावर आली. तेव्हा तिने हॉस्पिटलला अर्ज केला, मणक्याच्या वॉर्डाचं छत मला रंगवू द्या, फुकट. त्या वॉर्डातली माणसं महिनोन्महिने उताणी पडून असतात. मान वळवायची नाही, उठायचं नाही. दिसतं ते फक्त छत, आणि त्या छतावर ओलीचे डाग. दोन वर्षं अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. फुकटच्या कामाला परवानगी मिळणं सगळ्यात अवघड, कारण त्यात कुणाचा काही फायदाच नसतो.

इथे माझ्या दादाला सुचलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मावशीचा लाडका, विमा कंपनीत नोकरीला, आणि शिबिरांचा भारी नाद. श्वासाचं शिबिर, मौनाचं शिबिर, हसण्याचं शिबिर. घरी कधी हसत नाही, शिबिरात जाऊन हसतो. तो जायचा त्या केंद्राचे संचालक हॉस्पिटलच्या समितीवर होते. कलेतून मनःशांती मिळवून देणारं केंद्र. दादा म्हणाला, "सरांना एकदा मावशीचं काम दाखवू या. त्यांनी शब्द टाकला तर छत मिळालंच समज."

मी त्या संचालकांना, म्हणजे पाटीवरच्या त्या गृहस्थांना, मऊसाहेब म्हणते. बोलणं मऊ, चालणं मऊ, हात हातात घेतला तर भिजलेल्या पावासारखा. प्रत्येक वाक्यानंतर डोळे मिटून घ्यायची सवय.

ते यायच्या दिवशी सकाळी मी खोली आवरायला लवकर गेले. बरोबर कॅमेरा घेऊन दोन माणसं येणार होती. मावशी खाली किल्लीवाल्याकडे गेली होती, गच्चीच्या कुलपाची किल्ली करून आणायला. मी केर काढला, बरण्या पुसल्या, चादर बदलली. आणि तो डबा उघडला. वर साय धरल्यासारखा थर, तळाला गाळ, आणि लवंगेच्या तेलाला न जुमानता येणारा एक कुबट वास. म्हटलं, मोठी माणसं येणार, हे काय मांडून ठेवायचं? मी तो डबा मोरीत ओतला. राखेने घासला, विसळला आणि स्टुलावर उपडा घातला.

मावशी परत आली. दादा, मऊसाहेब आणि कॅमेरावाले तिच्या मागोमागच आले. कॅमेऱ्याची तिपाई लागली, सगळं झालं, मावशीने त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं त्या दिवसाचं आभाळ त्यांच्यासमोर ताटलीवर काढलं, धुतलं, आणि पाणी ओतायला डबा उचलला. तिने तो सरळ केला, आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"यातलं कुठे गेलं?"

तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी घाबरले, आणि घाबरलेलं माणूस करतं तेच केलं. "ह्यांची तिपाई लागून लवंडलं वाटतं," मी म्हणाले, आणि वर कॅमेरावाल्यांकडे डोळे वटारून बघितलं. ते बिचारे एकमेकांची तोंडं बघायला लागले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मावशी स्टुलावर बसली. ताटलीतलं तेवढंसं पाणी डब्यात ओतलं. आणि मग सगळ्यांदेखत नाही, ते गेल्यावर, दुपारी, तिने मला पहिल्यांदा सांगितलं.

चौदा वर्षांची असताना ती जिन्यावरून पडली होती हे मला ठाऊक होतं. पण ती अकरा महिने त्याच मणक्याच्या वॉर्डात, सात नंबरच्या पलंगावर उताणी होती, हे मला ठाऊक नव्हतं. वर छत, छतावर डाग. तो डाग तिला रोज वेगळा दिसायचा, आणि रोज वाईटच दिसायचा. वॉर्डात एक थोरल्या सिस्टर होत्या. त्यांनी पुरुषांच्या वॉर्डातून दाढीचा आरसा आणून पलंगाच्या दांडीला बांधला, तिरका, म्हणजे त्यात खिडकीबाहेरचं आभाळ दिसेल. मग रंगांची पेटी आणली आणि एनॅमलची एक ताटली छातीवर ठेवून दिली. कागद दिला तर चादरी खराब होतील म्हणून ताटली. रोज काढ, मी धुते. धुतलेलं पाणी सिस्टर औषधाच्या पेल्यातून दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात ओतायच्या. का ओतायच्या हे त्यांनी सांगितलं नाही, हिने विचारलं नाही. घरी निघायच्या दिवशी सिस्टरांनी डबा हिच्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "ही तुझी अकरा महिन्यांची हजेरी. टाकू नकोस."

"तेव्हापासून तळाशी थोडं ठेवूनच वापरते," मावशी म्हणाली. "विरजणासारखं. डबे तीन बदलले, पाणी नाही."

अठ्ठावन्न वर्षं. आणि मी ते राखेने घासून काढलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. त्याऐवजी मी म्हणाले, "त्या कॅमेरावाल्यांना काही अक्कल आहे का? दुसऱ्याच्या घरात कसं वावरावं कळत नाही?" आणि अर्धा तास त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मावशी ऐकत होती.

मऊसाहेब दोन दिवसांनी पुन्हा आले, प्रस्ताव घेऊन. खुर्चीवर बसले, डोळे मिटले, उघडले. "आपण रोज एक विश्व निर्माण करता आणि रोज त्याचा लय करता," ते म्हणाले. "पण जगाची तहान मोठी आहे हो. तीस दिवस, फक्त तीस दिवस, ते धुऊ नका. मला द्या. मी त्याचं प्रदर्शन भरवतो. छताची परवानगी माझ्याकडे लागली."

"ताटली एकच आहे," मावशी म्हणाली.

"मी बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्स आणून देतो," दादा म्हणाला. आयत्या वेळी हा बरा तयार असतो.

मी मध्ये पडले. "मावशी धुणार नाही म्हणजे काय? तो तिचा नेम आहे."

मावशीने मला हाताने थांबवलं. तिचा हिशेब सुरू झाला होता. छत रंगवायचं तर अस्तर पाहिजे. अस्तराला पाणी पाहिजे. डबा तर रिकामा. दिवसाला ती एकच आभाळ काढते, दोन नाही, हाही नियमच. म्हणजे टाइलवर काढलं तर ताटलीवर नाही. पण प्रदर्शन संपलं की तीसच्या तीस टाइल्स एकदम धुतल्या तर महिन्याचं पाणी मिळतंच.

"प्रदर्शन झालं की टाइल्स परत," ती म्हणाली. "मी धुणार. छत त्यानंतर."

"शब्द देतो," मऊसाहेब छातीवर हात ठेवून म्हणाले. छातीवर हात ठेवणारा माणूस दिसला की आता मी माझी पिशवी सांभाळते.

परवानगी खरंच आली. वॉर्डात नवीन वायरी घालायच्या होत्या, त्यासाठी रुग्णांना दहा दिवस खालच्या मजल्यावर हलवणार होते. तेवढ्या दिवसांत छत करायचं. पुन्हा वॉर्ड कधी रिकामा होईल ते कोणी सांगू शकत नव्हतं, आणि मावशीचा खांदा किती दिवस वर जाईल तेही. प्रदर्शन त्याच्या नऊ दिवस आधी, एकच संध्याकाळ. सगळं कसं जुळून आलं होतं. असं जुळून आलं की मी हल्ली घाबरते.

प्रदर्शनाला मावशी चांगली इस्त्रीची साडी नेसून आली आणि हातात प्लास्टिकची बादली, आत स्पंज आणि झाकणाचा डबा. दारातल्या मुलीने बादली बाहेर ठेवायला सांगितली. मी सांगितलं, बाहेर तू उभी राहा.

हॉल थंडगार. कुठूनतरी बासरीचा आवाज. भिंतीवर तीस टाइल्स, प्रत्येकीवर स्वतंत्र दिवा, प्रत्येकीखाली एक कार्ड. 'दिवस पहिला : शरणागती.' 'दिवस बारावा : वेदनेचं उत्थान.' बाराव्या दिवशी मावशीची दाढ दुखत होती, ती मीच नेली होती उपटायला. 'दिवस सतरावा : शून्याची अनुभूती.' सतराव्या दिवशी धुकं होतं हो! धुक्यात शून्यच दिसणार, अनुभूती कसली डोंबलाची? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण मावशीकडे बघितलं तर ती कार्डं वाचतच नव्हती. एका टाइलपाशी उभी राहून ती नाक जवळ नेऊन बघत होती.

"चमकतंय गं," ती म्हणाली.

तिने नखाने कड खरवडली. मग शिपायाकडे पाणी मागितलं. त्याने पिण्याचं पाणी ग्लासातून आणून दिलं. मावशीने त्यात रुमालाचं टोक बुडवलं आणि टाइल पुसली. ढगावरून पाणी ओघळलं, खाली कार्डावर पडलं. पाणी स्वच्छ होतं. तिने पुन्हा पुसलं, जोराने. मग शेजारची टाइल. मग तिच्या शेजारची. प्रत्येक टाइलवरून पाणी जसंच्या तसं खाली येत होतं, आणि बहात्तर वर्षांची बाई खांदा धरून भिंतीभर पुसत चालली होती.

त्यांनी वार्निश मारलं होतं. तीसही टाइल्सना, दोन-दोन हात.

फोन वर आले, चित्रीकरण सुरू झालं. मावशी नवव्या टाइलपाशी थांबली, माझ्याकडे वळून म्हणाली, "निघत नाही गं."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हो, टाळ्या. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. एका बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. मऊसाहेब पुढे झाले, डोळे मिटले, म्हणाले, "हाच तो क्षण. कलाकृती आता कलाकाराची राहिलेली नाही."

"तुम्ही शब्द दिला होता!" मी ओरडले. बासरी थांबली नसेल, पण मला ऐकू येईनाशी झाली. "धुवायच्या होत्या त्या! कुणाला विचारून वार्निश मारलंत?"

"ताई," ते म्हणाले, "इतकं मोलाचं धन पाण्यात जाऊ देणं हे पाप झालं असतं. आणि राग हीसुद्धा एक ऊर्जाच आहे. तिला वाट द्या."

वाट दिलीच असती मी. बादली हातात होती. माणूस मऊ दिसला की कोपराने खणतात म्हणतात, पण इथे मऊ माणूसच आम्हाला खणत होता. तेवढ्यात मावशीने माझं मनगट पकडलं. कुंचला धरून धरून तिची बोटं पकडीसारखी झाली आहेत.

"छत," ती म्हणाली. एवढंच.

ते समितीवर होते. मी एक शब्द जास्त बोलले असते तर नऊ दिवसांनी वॉर्डाचं दार आमच्यासाठी उघडलं नसतं. मी गप्प बसले. आयुष्यात इतकी मोठी शिवी मी कधी गिळली नाही. दादा दाराशी उभा होता. त्याला म्हणाले, "हसण्याच्या शिबिराला जा तू." तो हसला नाही. बादली त्याने घेतली माझ्या हातातून, आणि जिना उतरायला लागला. नंतर तो त्या केंद्रात गेला नाही, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा निरोप आला, ये. गेले तर खिडकी उघडी आणि ताटली स्टुलावर. ती ताटली तिने माझ्या हातात दिली.

"मला कुठे येतं?"

तिने तोंडावर बोट ठेवलं.

मी काढलं. शिवणाऱ्या हाताने कुंचला धरला की तो सुईसारखाच चालतो. ढग काढायला गेले तर काज निघालं. शिवाय डोक्यात मऊसाहेब. आभाळाकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्यांना धुऊन काढत होते. मावशीने ते काज धुतलं आणि पाणी डब्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी तेच. ती स्वतः काढत नव्हती. शेजारी बसून बघत होती, बाहेर.

तिसऱ्या दिवशी ढग नव्हते, एक सरळ निळा तुकडा होता. त्याच्यात भांडायला काही नव्हतं. मी बघत राहिले, आणि कुंचला ताटलीच्या कडेला ठेवला.

"मावशी, डबा मी ओतला होता," मी म्हणाले. बोलायचं नसतं तेव्हा बोलले. "तिपाई लागली नव्हती. मी मोरीत ओतला."

"माहीत आहे."

"कसं?"

"ज्याच्या हातून सांडतं तो डबा घासून ठेवत नाही."

महिनाभर, सव्वा महिना, ती हे मनात घेऊन माझ्या समोर बसत होती. माझ्या हातचा चहा पीत होती. मी कॅमेरावाल्यांना, दादाला, मऊसाहेबांना, हॉस्पिटलला, जगाला शिव्या देत होते, आणि ती ऐकत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तू रोज कुणावर तरी ओरडत होतीस. मध्ये बोलायला जागा कुठे होती?" ती म्हणाली. मग डबा माझ्याकडे सरकवला. "म्हणून तर ताटली तुझ्याकडे दिली. जिने ओतलं तिने भरायचं. रड नंतर, आधी ते वाळतंय ते काढ."

नऊ दिवसांची नऊ आभाळं झाली. शेवटची दोन जरा आभाळासारखी होती. डब्यात जेमतेम चार बोटं पाणी जमलं, तिने ते सरसात मिसळलं आणि आम्ही वॉर्डात गेलो.

दहा दिवस ती परांचीवर होती. खांद्याला पट्टा बांधून, पाठ फळीला टेकवून, म्हणजे पुन्हा उताणीच. मी खालून रंग द्यायचे, वर चढून तिचे पाय दाबायचे, आणि वायरवाल्यांना तारा तिच्या आभाळातून नेऊ नका म्हणून दम द्यायचे. माझं पाणी अख्ख्या छताला पुरणारं नव्हतंच. मावशीने ते एकाच ठिकाणी वापरलं, खिडकीकडच्या कोपऱ्यात, सात नंबरच्या वर. बाकी ठिकाणी तिने साधं खडूचं अस्तर दिलं. "बाकीच्यांना पण द्यायला हवं होतं," मी म्हणाले. ती म्हणाली, "बाकीचं तू दे पुढे. वर्षं आहेत तुला."

तो कोपरा बाकी छताइतका उजळ नाही. जरा जड आहे, पाऊस येऊन गेल्यासारखा, किंवा यायचा असल्यासारखा. मी तिला म्हटलं, हे माझ्यामुळे बिघडलं. तिने कुंचले धुवायला घेतले.

मग रुग्ण वर आले, आणि आठवड्याने पितळी पाटी. तिचं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं. मावशीचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. सकाळी मी जाते, खिडकी उघडते, ताटलीवर मी काढते, ती बघते.

तिसरा अर्ज द्यायला गेले होते त्या दिवशी मी वॉर्डात डोकावले. अर्जात लिहिलं होतं, छत कोणी रंगवलं ते लोकांना कळलंच पाहिजे. सात नंबरवर एक ट्रकचालक होता, चाळिशीचा, मानेला पट्टा, नजर वर.

"ताई, तुम्ही इथल्या का?" त्याने डोळे न हलवता विचारलं. "हे वर कुणी काढलंय?"

मला हवं होतं तेच त्याने विचारलं. माझ्यातली ठिणगी लगेच पेटली. म्हणाले, "बाहेर पाटीवर ज्यांचं नाव आहे ना, त्यांनी नाही. त्यांना कुंचला कुठून धरतात तेही माहीत नाही. हे माझ्या मावशीने काढलंय. चौदा वर्षांची असताना ती याच पलंगावर होती, याच सात नंबरवर, अकरा महिने, तुमच्यासारखीच. आणि तिचं नावसुद्धा कुठे नाही. तिचं नाव..."

"थांबा," तो म्हणाला. त्याला नाव नको होतं. त्याची नजर वर त्या जड कोपऱ्यात होती आणि बोटांनी चादर घट्ट धरली होती. "याच पलंगावर होती?"

"हो."

"मग उठली ती?"

मी हातातला अर्ज खाली केला.

"उठली," मी म्हणाले. "उठली की. चांगली शिडी चढून वर गेली, म्हणून तर हे झालं."